लग्नातल्या ओव्या सत्तेला का खुपतात?

१४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक जाहीरनामा काढला. धर्मांतर करून ख्रिस्ती झालेल्या लोकांनी कोणकोणत्या जुन्या चालीरीती सोडायच्या, त्याची ती लांबलचक यादी होती. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. लग्नाला पूर्वीची वाद्यं वाजवायची नाहीत. नात्यागोत्यात पानसुपारी आणि फुलं पाठवायची नाहीत. अंगणात तुळस ठेवायची नाही. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. भात बिनमिठाचा शिजवायचा नाही.

यादीतल्या कितीतरी गोष्टींचा देवाशी थेट संबंध नाही. त्या लग्नघरातल्या आहेत. चार बायका एकत्र बसून गाणार, पानसुपारीच्या निमित्ताने घरोघर फिरणार, थट्टामस्करी करणार, एवढंच. आणि हे बंद करणारं कार्यालय काही दुबळं नव्हतं. १५६० साली ते गोव्यात सुरू झालं आणि मधली चार वर्षं सोडली तर थेट १८१२ पर्यंत चाललं. त्याच्याकडे तुरुंग होते, छळाची साधनं होती, माणसं जिवंत जाळण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. एवढी ताकद हाताशी असलेल्यांना बायकांच्या ओव्यांची दखल का घ्यावी लागली?

याचं उत्तर शोधायचं तर आधी भीतीने राज्य कसं चालतं ते पाहायला हवं. राज्य म्हणजे फक्त सरकार नव्हे. घर, जात, शाळा, नोकरीची जागा, कुठेही माणसाला धाकात ठेवून चालवता येतं आणि सगळीकडे यंत्रणा साधारण सारखीच असते.

कुठल्याही सत्तेला प्रत्येक माणसामागे एक शिपाई उभा करणं परवडत नाही. म्हणून धाकाचं खरं काम माणसाकडूनच करून घ्यावं लागतं. त्याने स्वतःच स्वतःवर पहारा ठेवायचा. बोलण्याआधी इकडेतिकडे बघायचं, शेजाऱ्यासमोर जपून राहायचं, मनातलं मनात ठेवायचं. हे घडायला दोन गोष्टी लागतात. एक, प्रत्येकाला वाटलं पाहिजे की नाराज असलेला आपण एकटाच आहोत, बाकीच्यांनी सगळं मान्य केलंय. दुसरी, अंग सतत आवळलेलं राहिलं पाहिजे. श्वास वर, खांदे ताठ, कान टवकारलेले. अशा अंगाला नवं काही सुचत नाही, ते फक्त पुढचा फटका कुठून येईल त्याचा अंदाज बांधत राहतं.

लग्नातल्या ओव्या या दोन्ही गोष्टी एका संध्याकाळी उधळून लावतात.

यातला अंगाचा भाग याक पँकसेप या शास्त्रज्ञाच्या एका प्रयोगातून फार स्पष्ट दिसतो. उंदरांची लहान पिल्लं एकत्र आली की दंगामस्ती करतात. एकमेकांच्या मानेवर झडप घालणं, उताणं पाडणं, पुन्हा पळणं. पँकसेपने ही मस्ती रोज मोजली. मग एके दिवशी पिंजऱ्यात मांजराच्या केसांचा छोटासा पुंजका ठेवला. मांजर नाही, फक्त केस. त्या पिल्लांनी आयुष्यात कधी मांजर पाहिलेलं नव्हतं. तरीही खेळ जागच्या जागी थांबला. दुसऱ्या दिवशी केस काढून टाकले, पिंजरा साफ केला, तरी खेळ परतला नाही. मस्ती पूर्वीसारखी व्हायला पुढे कित्येक दिवस गेले.

मला या प्रयोगात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे, भीती आली की सगळ्यात आधी खेळ जातो. खाणं चालू राहतं, झोप कशीबशी चालू राहते, पण मस्ती बंद पडते. म्हणजे एखाद्या घरात, वर्गात किंवा गावात धाक किती मुरलाय हे ओळखायचं असेल तर तिथली माणसं खेळतात का, एकमेकांची चेष्टा करतात का, हे बघावं. दुसरी गोष्ट, मांजराची गरजच पडली नाही. नुसत्या वासाने काम झालं. सत्ता चालवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. एकाला पकडायचं, बाकीच्यांपर्यंत वास पोचवायचा.

पण उंदराच्या पिल्लाला निवड नसते. माणसाला असते. केसांचा पुंजका पिंजऱ्यात पडलेला आहे, तो कशाचा आहे हेही माहीत आहे आणि तरीही आज आपण खेळायचं, असं माणसं ठरवू शकतात. या लेखाचा विषय तेवढाच आहे. धोका नाहीच असं मानून केलेली मौज वेगळी आणि धोका ओळखून, जाणूनबुजून धरलेली मौज वेगळी.

आता एकटेपणाकडे येऊ. रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं लोकांच्या हसण्याच्या नोंदी केल्या. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या साधारण तीसपट तो चारचौघांत हसतो, असं त्याला आढळलं. म्हणजे हसणं हे मुळात एकमेकांना दिलेला संदेश आहे. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०११ मध्ये असंही दाखवलं की एकत्र खळखळून हसल्यानंतर माणसाची वेदना सोसण्याची ताकद वाढते. दबलेल्या गर्दीत एकजण हुकूमशहाची नक्कल करतो आणि शंभर माणसं हसतात, तेव्हा प्रत्येकाच्या कानावर नव्याण्णव जणांचं हसू पडतं. आता प्रत्येकाला कळलं की बाकीच्यांनाही तेच वाटतं. शिवाय आपल्याला कळलंय हे बाकीच्यांनाही कळलं. पत्रकं वाटून हे साधायला महिने लागतात. आणि खोटं हसू लगेच ओळखू येत असल्यामुळे खऱ्या हसण्यावर लोक विश्वास ठेवतात.

१९८२ साली पोलंडमधल्या श्विदनिक या छोट्या शहरात हे फार सुंदर घडलं. आदल्या डिसेंबरात तिथे लष्करी कायदा लागू झाला होता. संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर सरकारी बातम्या लागत आणि त्यात धादांत खोटं सांगितलं जाई. लोकांनी ठरवलं, बातम्या लागल्या की आपण फिरायला जायचं. साडेसातच्या ठोक्याला शहरातला मुख्य रस्ता माणसांनी भरू लागला. कोणी टीव्ही उचलून खिडकीत ठेवला, पडदा बाहेर रस्त्याकडे करून. काहींनी टीव्ही चक्क बाळाच्या ढकलगाडीत घातला आणि त्याला फिरवून आणलं. घोषणा नाही, फलक नाही. आता पकडायचं कोणाला आणि कुठल्या कलमाखाली? शेवटी सरकारने संचारबंदीची वेळ रात्री दहावरून सातवर आणली. लोक मग संध्याकाळी पाचच्या बातम्यांना फिरायला निघू लागले.

याला आंदोलनाच्या भाषेत सत्तेची कोंडी म्हणता येईल. एखादी खेळकर कृती अशी रचायची की सत्तेने दुर्लक्ष केलं तर धाक कमी होतो आणि कारवाई केली तर ती हास्यास्पद दिसते. सर्बियात मिलोशेविच या हुकूमशहाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या ओतपोर या तरुणांच्या संघटनेने बेलग्रेडच्या बाजारपेठेत एक पिंप ठेवलं, त्यावर मिलोशेविचचा चेहरा रंगवला, शेजारी एक दांडका ठेवला. नाणं टाका, एक तडाखा द्या. लोकांची रांग लागली. पोलीस आले तोवर पिंप ठेवणारी मुलं कॉफी पीत दूर बसली होती. पोलिसांनी मग पिंपच ताब्यात घेतलं आणि ते गाडीत चढवतानाचे फोटो दुसऱ्या दिवशी देशाने पाहिले. ऑक्टोबर २००० मध्ये मिलोशेविचला पायउतार व्हावं लागलं. ते एका पिंपामुळे अर्थातच झालं नाही, त्यामागे निवडणूक होती, संप होते, लाखो माणसं होती. पण त्या लाखोंपैकी अनेकांची भीती आधीच्या दोन वर्षांत अशाच खेळांतून झिजली होती. २०१२ मध्ये सायबेरियातल्या बार्नाऊल शहरात सभेला परवानगी मिळेना म्हणून लोकांनी बर्फात खेळण्यातली अस्वलं आणि बाहुल्या छोटे फलक देऊन उभ्या केल्या. अधिकाऱ्यांनी खेळण्यांच्या सभेलाही परवानगी नाकारली, कारण खेळणी रशियाची नागरिक नाहीत. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला सरकारकडून युद्धभूमी म्हटलं जात असताना तिथले निदर्शक हवा भरलेले बेडकांचे पोशाख घालून नाचत होते. युद्धभूमीचा दावा आणि नाचणारा बेडूक एकाच चित्रात मावत नाहीत.

ही सगळी उदाहरणं दूरची झाली. आपल्याकडचं एक तितकंच जोरकस उदाहरण दरवर्षी ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर होतं. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की दिवाडी. तिथल्या बोंदेरां उत्सवाची हकिकत अशी सांगतात की बेटावरच्या वाड्यावाड्यांत जमिनीच्या हद्दीवरून वाद होत. पोर्तुगीज अंमलदारांनी त्यावर तोडगा म्हणून हद्दींवर झेंडे रोवले. आपल्याच गावात आपली हद्द परक्याच्या झेंड्याने ठरणार, हे लोकांना रुचलं नाही. त्यांनी ते झेंडे दगड मारून पाडायला सुरुवात केली. पुढे त्याचाच उत्सव झाला. वाड्यावाड्यांचे रंगीत झेंडे, बँड, सोंगं आणि खोटी लढाई.

लढाईचं हत्यार असतं फोटाश. बांबूची पोकळ नळी, तिच्यात घट्ट बसेल असा बांबूचाच दांडा. नळीत हिरवी तेफळं भरायची आणि दांडा जोरात आत लोटायचा. दाबलेल्या हवेने पुढचं तेफळ फट् आवाज करून उडतं. लागलं तर चुरचुरतं, पण जखम होत नाही. हे खेळणं दुकानात घ्यावं लागत नाही. बांबू गावचा, तेफळं गावच्या झाडाची, आणि नळी किती रुंद हवी हे थोरला भाऊ धाकट्याला शिकवतो. ज्या वस्तूने सत्ता सांगत होती की ही रेघ ओलांडायची नाही, तीच वस्तू गावाने सोंगात घेतली, तिच्यावर नेम धरला आणि त्यातून पोरांचा खेळ उभा केला. अंमलदार गेले, कागद गेले, झेंड्याची भीती गेली. खेळ राहिला.

दुसरं उदाहरण घरातल्या धाकाचं आहे आणि मला ते बोंदेरांहून मोठं वाटतं. ते म्हणजे धालो.

पौषाच्या चांदण्या रात्री, जेवणं आवरली की गावातल्या बायका मांडावर जमतात. मांड म्हणजे शेणाने सारवलेली, ठरलेली जागा. तिथे दिवा लागतो. बायका दोन रांगा करून समोरासमोर उभ्या राहतात, कमरेला विळखा घालून, आणि वाकत-उठत पुढे-मागे सरकतात. आधी देवदेवतांना नमन, मग गाणी. गाण्यांत माहेर येतं, सासर येतं, झाडंपाखरं येतात, शेतभात येतो. गावागावांप्रमाणे पाच, सात, नऊ रात्री हे चालतं. पुरुषांनी मांडावर पाय ठेवायचा नाही. आणि शेवटच्या दिवशी बायका सोंगं काढतात. कोणी शिकारी होते, कोणी जनावर होते आणि कोणी पुरुष होते. धोतर-टोपी घालून, मिशा काढून, गावातल्या पुरुषांची चाल, त्यांचा रुबाब, त्यांचं ओरडणं सगळ्यांसमोर करून दाखवतात.

वर्षभर जिने चुलीपुढे राबायचं, सासूसासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, मोठ्याने हसायचं नाही, तिला पौषात काही रात्री घराबाहेर पडायला हक्काची वाट होती. कोणाची परवानगी मागावी लागत नव्हती, कारण मांड देवाचा. नवरा, सासरा, भाटकार म्हणजे जमीनदार, कोणीही तिला तिथून बोलावून नेऊ शकत नव्हतं. आणि ज्याचा धाक, त्याचंच सोंग! त्याचं खेकसणं आपल्या घशातून काढून पाहिलं, शेजारणींनी त्यावर पोट धरून हसून घेतलं, की दुसऱ्या दिवशी तेच खेकसणं घरात ऐकताना ते पूर्वीइतकं मोठं राहत नसणार. मारझोड थांबली असं मी म्हणत नाही. पण जिला कालपर्यंत वाटत होतं की हे फक्त माझ्याच घरात चालतं, तिला आता वाड्यावरच्या सगळ्यांचं माहीत असतं. वर म्हटलेला एकटेपणा इथे मोडतो.

गणपतीतल्या फुगडीचंही हेच. हात धरून गरगर फिरायला समोरची बाई घट्ट धरून ठेवेल हा भरवसा लागतो, आणि तो त्या फिरण्यातूनच तयार होतो.

माशेल गावचा चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, आणखी वेगळा. देवकीकृष्णाचं मूळ देऊळ चोडण बेटावर होतं. सोळाव्या शतकात तिसवाडी तालुक्यातली देवळं पोर्तुगीजांनी पाडायला घेतली तेव्हा भक्तांनी देव हलवला, आधी मये, मग माशेल. मये-माशेलचा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या हातात नव्हता. आज त्याच देवळासमोरच्या मैदानात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, चोवीस तासांचं भजन संपलं की अंगाला तेल चोळलेले बापये आणि पोरं पावसाने भिजलेल्या मातीत उतरतात. चेंडूफळी, आंधळी कोशिंबीर, पकडापकडी, एकमेकांना धरून चिखलात लोळवणं, लहानपणीचे जेवढे म्हणून खेळ आठवतील तेवढे. कृष्णाच्या बाळलीला म्हणून हे खेळायचे. थोड्या वेळाने सगळे सारखेच मातकट दिसू लागतात, कोण डॉक्टर, कोण बागायतदार, कोण मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणारा पायलट काही ओळखू येत नाही.

इथे कोणाचा निषेध नाही, कोणाची नक्कल नाही. पण ज्यांनी एकदा घर, शेत आणि देऊळ सोडून रातोरात नदी ओलांडली, त्यांच्या वंशजांनी नव्या गावात देवळाबरोबर खेळायचं मैदानही धरून ठेवलं, याला मी साधी करमणूक मानायला तयार नाही. विस्थापित माणसाचं पुढचं सगळं आयुष्य भीती आणि हळहळ यांतच जावं, हे या लोकांनी नाकारलं. आणि मागे राहून बाटलेल्यांनीही नाकारलंच. आजही ख्रिस्ती लग्नात रोसाच्या वेळी, नवरानवरीला नारळाचा रस लावून न्हाऊ घालताना, बायका ओवीच्या वळणाची गाणी म्हणतात. १७३६ च्या यादीत ज्यावर पहिली कुऱ्हाड होती, ते गाणं यादी करणाऱ्यांच्या पुढे दोनशे वर्षं जिवंत आहे.

आता एक गंभीर आक्षेप. बरेच अभ्यासक म्हणतात की अशा उत्सवांनी काही बदलत नाही, उलट सत्तेला ते सोयीचेच असतात. वर्षातून चार दिवस लोकांना हुंदडू द्या, वाफ निघून जाईल, पाचव्या दिवशी सगळे निमूटपणे कामाला लागतील. याच्या उलट बाजूला मिखाइल बाख्तिन हा रशियन विचारवंत उभा राहतो. त्याला स्टालिनच्या काळात कझाकस्तानात हद्दपारी भोगावी लागली होती. त्याने मध्ययुगीन कार्निव्हलचा अभ्यास करून म्हटलं की तिथे लोक काही काळ दुसरंच जग जगून बघतात, जिथे राजा आणि भिकारी एका पातळीवर असतात. एकदा ते जग अंगाने अनुभवलं की आहे ते जग अटळ वाटेनासं होतं.

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण मला वाटतं प्रश्न उत्सवाचा नसून तो कोणाच्या हातात आहे याचा आहे. गोव्याच्याच इतिहासात याचा पुरावा आहे. १९२६ च्या उठावानंतर पोर्तुगालमध्ये जी हुकूमशाही आली आणि जिचा सालाझार पुढे सर्वेसर्वा झाला, तिने गोव्यात सभा, संघटना, वर्तमानपत्रं सगळ्यांवर बंधनं आणली. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरकडे दाखवावी लागे. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी भाषणाला तोंड उघडणं हाच गुन्हा ठरला, तो या राजवटीत. आणि याच राजवटीने १९३५ मध्ये पोर्तुगालमध्ये ‘कामातला आनंद’ या नावाची एक राष्ट्रीय संस्था काढली. कामगारांसाठी सहली, खेळ, गाणी, सुट्टीची शिबिरं. जर्मनीत नाझींनी ‘आनंदातून शक्ती’ म्हणून त्याआधी दोन वर्षं तेच केलं होतं. म्हणजे हुकूमशाहीला आनंदाचं वावडं नसतं. लोकांनी आपापसात, आपल्या हाताने केलेल्या आनंदाचं असतं. वरून वाटलेला आनंद तिला हवाच असतो, कारण तो घेणाऱ्याने पुन्हा वर बघायचं असतं.

डच इतिहासकार योहान हाउझिंगा याने १९३८ मध्ये, नाझी शेजारी येऊन ठेपले असताना, खेळाचा मोठा अभ्यास मांडला. त्याचं म्हणणं, खेळाचं पहिलं लक्षण म्हणजे तो स्वेच्छेने खेळला जातो. हुकमाने खेळवला की तो खेळ राहत नाही. १९४२ मध्ये नाझींनी त्याला ओलीस म्हणून डांबलं आणि आपला देश मुक्त झालेला बघायला तो जगला नाही.

ही कसोटी आजच्या गोव्याला लावली की मन खिन्न होतं. कार्निव्हलची आजची पणजीतली मिरवणूक मुक्तीनंतर, १९६५ पासूनची. किंग मोमो हा कार्निव्हलचा राजा येतो, खा, प्या, मजा करा असं फर्मान सुटतं, मागून चित्ररथ. शिगम्याचेही चित्ररथ आता स्पर्धेसाठी, बक्षिसासाठी, दोरीच्या पलीकडे उभ्या प्रेक्षकांसाठी निघतात. मी त्यांच्या विरोधात नाही. त्या रथांवर महिनामहिना राबणाऱ्या पोरांची कला खरी आहे. पण गोवा म्हणजे मौज, ही जाहिरात इतक्या जोरात चालते की मौज ही गोव्यात विकत मिळणारी वस्तू होऊन बसलीय. पर्यटकाने ती घ्यायची आणि गोंयकाराने फोटोत मागे उभं राहायचं. याउलट दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या गावांत इंत्रूजच्या, म्हणजे कार्निव्हलच्या, दिवसांत वाड्यावाड्यांवर होणारे खेळ, किंवा डिचोली-फोंड्याकडच्या गावांत घरोघर फिरणारा रोमटामेळ, ‘ओस्सय ओस्सय’ करत अंगणात येऊन नाचणारी माणसं, यात कोणी प्रेक्षक नसतो. घरातली म्हातारीसुद्धा ओवाळायला बाहेर येते. फरक तिथे आहे.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. प्रत्येक हसणं धाक मोडणारं नसतं. कॉलेजातलं रॅगिंग मौज म्हणूनच चालतं. होळी-कार्निव्हलच्या नावाखाली रस्त्यावरच्या मुलींच्या अंगावर रंग आणि पाणी फेकलं जातं, वर ‘बुरा न मानो’ असतं. एखाद्याच्या जातीवर, रंगावर, बोलण्याच्या ढंगावर सगळा वर्ग हसतो तेव्हा तो हसण्याचाच धाक असतो. समोरच्याला ‘मी नाही खेळत’ म्हणून निघून जाता येतं का, आणि ज्याच्यावर हसतोय तो आपल्याहून वरचा आहे की खालचा, या दोन प्रश्नांनी बहुतेक वेळा निवाडा होतो.

आणि खेळकरपणाने धोका कमी होतो असंही कोणी समजू नये. २०२० मध्ये मोले अभयारण्यातून रेल्वेचा दुहेरी मार्ग, रुंद महामार्ग आणि उच्चदाबाची वीजवाहिनी नेण्याच्या विरोधात गोव्यात जी चळवळ झाली, तिचा चेहरा फार वेगळा होता. चित्रकारांनी तिथली फुलपाखरं, बेडूक, पक्षी, झाडं रंगवली आणि ती चित्रं फोनाफोनांतून फिरली. वनस्पतिशास्त्र शिकणारी पोरं आणि गाणी म्हणणारी पोरं एकत्र आली. नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री चांदर इथे रेल्वे फाटकावर हजारो माणसं मध्यरात्री जमली, हातात मेणबत्त्या, ओठांवर गाणी. त्यानंतर काही जणांवर गुन्हेही दाखल झाले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी मार्गाला दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. हे घडलं ते न्यायालयातल्या चिकाटीमुळे, कागदपत्रांमुळे आणि शास्त्रीय अहवालांमुळे. गाण्याने खटला जिंकला नाही. गाण्याने इतकी माणसं इतके महिने घाबरून घरी न जाता एकत्र टिकली.

ज्याच्यावर रोज मार पडतोय त्याला जाऊन ‘थोडं हसत जा’ असं सांगणं क्रूरपणा आहे. त्याला आधी सुरक्षित जागा हवी, सोबत हवी, कायद्याची मदत हवी. खेळ ही जबरदस्तीने पाजायची गोळी नव्हे. तो सुचायलाही थोडी सुरक्षितता लागते, आणि धालोंच्या मांडाने बायकांना नेमकी तीच दिली होती. एक ठरलेली जागा, ठरलेली रात्र, आत यायला कोणाला बंदी हे ठरलेलं, आणि तुला इथून कोणी ओढून नेणार नाही ही खात्री.

म्हणून आज कोणी मला विचारलं की या सगळ्याचं आपण करायचं काय, तर मी मांडापासून सुरुवात करायला सांगेन. शाळांच्या स्नेहसंमेलनात आणि सरकारी मंचावर धालो दिसतात, छान बसवलेले, दहा मिनिटांचे. पण गावातला मांड अनेक ठिकाणी एखाद्याच्या खासगी जमिनीत किंवा घराच्या अंगणात असतो. जमीन विकली गेली, कुंपण पडलं की तो वर्षानुवर्षांचा मांड गेला आणि त्याबरोबर पौषातल्या त्या रात्रीही. पोरांच्या खेळायच्या मैदानांचं, शिगम्याच्या जागेचंही तेच. तुमच्या वाड्यावरचा मांड कुठल्या सर्वे नंबरात येतो ते बघा. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद, काढा, त्यावर कोणाचं नाव आहे, पलीकडच्या रकान्यात मांडाची नोंद आहे की नाही ते वाचा. नसेल तर येत्या ग्रामसभेत विषय लेखी द्या, आणि तिथे बोलायला ज्या बायका मांडावर उतरतात त्यांना घेऊन जा.